गुळवेल : औषधी, दावा आणि पुरावा
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत गुळवेल ही वेल जंगलात, शेताच्या बांधावर आणि घराच्या कुंपणावर सहज आढळते. हृदयाच्या आकाराची पाने, झाडावरून खाली लोंबणारी हवाई मुळे आणि कडू चवीचे खोड ही तिची ओळख. वनस्पतिशास्त्रात ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या नावाने ओळखली जाते; संस्कृत ग्रंथांत तिला गुडूची व अमृता अशी नावे आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात तापावरचा काढा म्हणून तिचा वापर पिढ्यान् पिढ्या होत आला आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत या वेलीच्या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. गोळ्या, रस आणि चूर्ण या रूपांत ती 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' पूरक म्हणून शहरी घरांत पोहोचली. शहापूर येथील कातकरी तरुणांच्या संस्थेकडे टनांच्या हिशेबाने मागणी येऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस, शहापूरहून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या अंतरावरील मुंबईत, गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. एकाच वेलीने एकीकडे रोजगार दिला आणि दुसरीकडे संशय निर्माण केला.

प्रस्तुत लेखात गुळवेलीविषयीच्या आरोग्यदाव्यांचा कालक्रमाने आढावा घेतला आहे. हे दावे कोणी, कोणत्या रुग्णांसाठी आणि कोणत्या आधारावर केले, याचा शोध घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. गुळवेलीच्या बाजूने असलेला पुरावा विशिष्ट रोग, विशिष्ट कल्प व विशिष्ट मुदत यांपुरता मर्यादित आहे. बाजारातील दावा मात्र या सर्व मर्यादा ओलांडून सर्वांसाठी व सर्वकाळासाठी केला गेला. या दोहोंतील अंतराची किंमत शहरातील रुग्णाला मोजावी लागली, आणि जंगलातील संकलकाची मिळकतही याच अंतरावर उभी राहिली.

शहापूर–मुरबाडचे जंगल आणि वनउपजाचा हक्क

शहापूर तालुक्याची बाहेरच्या जगाला ओळख आहे ती तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांमुळे. मुंबईची तहान मुख्यत्वे याच परिसरातून भागविली जाते. मुरबाड तालुका माळशेज व नाणेघाट या घाटवाटांच्या पायथ्याशी वसलेला आहे. दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

यांपैकी कातकरी समाजाचे जंगलाशी असलेले नाते या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते काथोडी किंवा कातकरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील मोठे वनक्षेत्र राखीव झाले आणि जंगलावर चालणारे व्यवसाय सरकारी परवानगीच्या अधीन आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जनतेच्या वनविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला, यावरून असंतोषाची तीव्रता लक्षात येते. कात व कोळसा हे व्यवसाय क्षीण होत गेल्यावर कातकरी कुटुंबे शेतमजुरी आणि वीटभट्ट्यांकडे वळली. दिवाळीनंतर भट्टीवर जायचे व पावसाच्या तोंडावर परतायचे, हा क्रम आजही अनेक पाड्यांना परिचित आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली जाते.

वनउपजावरील हक्काची कायदेशीर पुनःस्थापना फार उशिरा झाली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनउपजाच्या मालकीचा आधार दिला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींचा गौण वनउपजाच्या व्याख्येत स्पष्ट समावेश करून त्या गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. गुळवेल विकून पैसा मिळवण्याची आजची शक्यता या कायदेशीर बदलाशिवाय समजून घेता येत नाही.

ग्रंथांतील गुडूची

आयुर्वेदीय ग्रंथांत गुडूचीला मानाचे स्थान आहे. ज्वर, कामला, वातरक्त व प्रमेह अशा अनेक विकारांत तिचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिच्या उत्पत्तीची कथा रामायणाशी जोडलेली आहे : युद्धात मेलेल्या वानरांना जिवंत करण्यासाठी इंद्राने अमृताचा वर्षाव केला, आणि त्या अमृताचे थेंब जेथे पडले तेथे गुडूची उगवली. 'अमृता' या नावामागे अशी श्रद्धेची परंपरा आहे.

परंतु याच ग्रंथांचे बारकाईने वाचन केल्यास वापराच्या अटीही तितक्याच ठळकपणे दिसतात. चरकसंहितेतील मेध्य रसायनांच्या प्रकरणात चार वनस्पती सांगितल्या आहेत. त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण दुधासह, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क असा प्रत्येकीचा कल्प वेगळा आहे. रसायन घेण्यापूर्वी शरीरशुद्धी करावी, कारण मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही, असा दृष्टांतही या परंपरेत दिला जातो. रुग्णाची प्रकृती, वय, बल, ऋतू आणि अनुपान यांचा विचार वैद्याने करावा, हे गृहीतच आहे. म्हणजे प्राचीन दावा कितीही मोठा असला, तरी तो वैद्याच्या निर्णयाने मर्यादित झालेला होता. कोणीही, कितीही दिवस, स्वतःच्या मर्जीने घ्यावे असे द्रव्य म्हणून ग्रंथांनी गुडूचीकडे पाहिलेले नाही. आजच्या जाहिराती ग्रंथांचा हवाला देतात, तेव्हा ग्रंथांतील ही बाजू बहुधा गाळली जाते.

वसाहतकाळ : कडू पौष्टिकापासून औषधकोशापर्यंत

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील देशी औषधींची नोंद करण्याचे काम इंग्रज वैद्यकाधिकाऱ्यांनी हाती घेतले. बाहेरून येणारी औषधे महाग पडत असल्याने स्थानिक पर्याय शोधणे हा त्यामागील एक व्यावहारिक हेतू होता. एडवर्ड जॉन वेअरिंग यांनी संपादित केलेल्या १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्ये गुळवेलीला 'गुलांचा' या नावाने स्थान मिळाले. पुढे १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश औषधकोशाच्या भारतीय व वसाहतविषयक पुरवणीतही तिचा समावेश झाला. मुंबईत दीर्घकाळ काम केलेले विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह लिहिलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'त, तसेच कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व बी. डी. बसू यांच्या १९१८ मधील 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' या ग्रंथात या वनस्पतीची माहिती आढळते.

या नोंदींचा सूर लक्षात घेण्यासारखा आहे. अमृततुल्य रसायन ही कल्पना या ग्रंथांत राहिली नाही. दीर्घ तापानंतरच्या अशक्तपणावर उपयुक्त असे कडू पौष्टिक आणि पाळीच्या तापावरील सौम्य औषध एवढेच तिचे स्वरूप उरले. हिवतापावर क्विनीनसारखा खात्रीचा परिणाम गुळवेल देते, असे सिद्ध झाले नाही. शास्त्रीय पद्धतीने दावा तपासू लागले की तो प्रथम लहान होतो, याचे हे एक उदाहरण होय.

त्याच सुमारास मराठीत आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहत होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ मधील 'औषधिसंग्रह' या मराठी ग्रंथाने देशी औषधींची माहिती आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत मांडली. परंपरा व प्रयोग यांचा मेळ घालण्याची आकांक्षा या पिढीत होती. मात्र नियंत्रित चाचणीचे साधन अद्याप तिच्या हाती आलेले नव्हते.

मुंबईतील संशोधन : आश्वासक, परंतु मर्यादित

ते साधन हाती घेऊन गुळवेलीची पद्धतशीर तपासणी करण्याचे श्रेय मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांकडे जाते. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातील रसायन द्रव्यांचा रोगप्रतिकारक पेशींवर होणारा परिणाम अभ्यासला. मराठी वाचकांना ललित लेखिका म्हणून परिचित असलेल्या डहाणूकर यांचे औषधशास्त्रातील हे कार्य तितकेच मोलाचे आहे.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांच्या गटाचा अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. पित्तमार्गातील अडथळ्यामुळे कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले गेले. दुसऱ्या गटाला पित्ताचा निचरा होत असतानाच्या काळात त्याच उपचारांच्या जोडीला दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १६ मिलिग्रॅम या प्रमाणात गुळवेल देण्यात आली. दोन्ही गटांतील यकृताच्या कार्यात फरक पडला नाही. परंतु जंतूंना गिळून मारण्याची पांढऱ्या पेशींची क्षमता केवळ गुळवेल घेतलेल्या गटात पूर्ववत झाली. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तदोषाची लक्षणे आढळली, तर दुसऱ्या गटात ती एकाही रुग्णात आढळली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर तगून राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के होते.

हे आकडे निश्चितच प्रभावी आहेत. तथापि ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे दोन्ही ध्यानात ठेवले पाहिजे. रुग्णसंख्या ३० होती. सर्व रुग्ण गंभीर आजारी होते व त्यांची प्रतिकारक्षमता आजारामुळे मंदावलेली होती. औषध ठरावीक मुदतीत, रुग्णालयात, शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली दिले गेले. मंदावलेली क्षमता पूर्ववत होणे आणि निरोगी माणसाची क्षमता सामान्यापेक्षा 'वाढणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲलर्जीमुळे होणाऱ्या सर्दीच्या ७५ रुग्णांवरील आठ आठवड्यांच्या चाचणीतही शिंका व अन्य लक्षणांत लक्षणीय आराम नोंदवला गेला. पण तोही एका विशिष्ट विकारापुरताच.

साथ, बाजार आणि शहापूर

२०१८ मध्ये केंद्र शासनाने वनधन योजना सुरू केली. गौण वनउपजावर गावपातळीवरच प्रक्रिया करून आदिवासी संकलकांचे उत्पन्न वाढवावे, हा तिचा उद्देश. शहापूर येथील कातकरी तरुणांनी चालविलेली आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या योजनेतून पुढे आली. केंद्र शासनाच्या प्रसिद्धिपत्रकांनुसार संस्थेला ३५० टन गुळवेल पुरविण्याची सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. हिशेब केल्यास किलोमागे सुमारे ४५ रुपये पडतात. त्यांतून तोडणी, वाळवण, साठवण, वाहतूक व मजुरी हे सर्व भागवायचे. ही रक्कम बाटलीवरील छापील किमतीच्या तुलनेत अल्प असली, तरी वीटभट्टीवरील उचल व स्थलांतर यांना पर्याय शोधणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते. टाळेबंदीच्या काळात इतर रोजगार बंद असताना हे महत्त्व अधिकच जाणवले.

६ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय आयुष मंत्रालयाने कोविडसंबंधी आयुर्वेद व योगावर आधारित उपचारसंहिता प्रसिद्ध केली. तीत जोखमीच्या व्यक्तींसाठी गुडूची घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, अशी शिफारस होती. येथे मुदत स्पष्ट होती. प्रत्यक्षात अनेक घरांत गुळवेलीचा काढा वा रस महिनोन् महिने, वैद्याच्या सल्ल्याविना, अन्य औषधांसोबत घेतला जाऊ लागला. औषधाचे रूपांतर पूरक आहारात झाले की मात्रा व मुदत यांची जाणीव प्रथम नाहीशी होते.

यकृताचा प्रश्न

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेलीचे सेवन केले होते. त्यांच्या यकृतात स्वयंप्रतिकारक दाहासारखी, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी, लक्षणे दिसली. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ७ जुलै २०२१ रोजी आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले. रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याचे विश्लेषण झालेले नाही, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या जातीशी गल्लत झालेली असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

२०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता, म्हणजे शासकीय शिफारशीतील कमाल एका महिन्याहून अधिक. अनेकांना आधीपासून यकृताचा जुना विकार होता. गुळवेल स्वयंप्रतिकारक दाह निर्माण करते किंवा सुप्त असलेला उघड करते, असा संशोधकांचा कयास आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे पुन्हा सांगून दोन जातींतील फरक प्रसिद्ध केला : गुळवेलीचे खोड हिरवट, गाठी नसलेले, फळे गोल व लाल, क्रिस्पाचे खोड करडे व गाठींचे, तोडल्यास दुधाळ चीक, फळे लांबट व नारिंगी.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्याचे मूल्यमापन संयमाने करणे आवश्यक आहे. लाखो लोकांनी गुळवेल घेतली असताना आढळलेले रुग्ण थोडे आहेत, म्हणून धोका विरळ असावा असे अनुमान काढता येते. मात्र एकूण सेवन करणाऱ्यांची मोजदाद झालेली नसल्याने त्याचे प्रमाण सांगता येत नाही. रुग्णनोंदींवरून कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध होत नाही, हे खरे. पण प्रतिकारयंत्रणेला चालना देणारे द्रव्य म्हणून ज्याची कीर्ती सांगितली जाते, त्याने काही व्यक्तींत अनिष्ट चालनाही द्यावी, हे तर्काला सोडून नाही. परिणाम मान्य करून दुष्परिणामाची शक्यता नाकारणे, ही भूमिका शास्त्रीय ठरत नाही.

व्यापक संदर्भ

हा प्रश्न केवळ आयुर्वेदाचा नाही. सफरचंदाच्या शिरक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वजन घटविणारे पूरक म्हणून तो जगभर, आणि आता आपल्याकडील दुकानांतही, विकला जातो. जेवणानंतरची रक्तशर्करा किंचित कमी करण्याबाबत शिरक्याविषयी काही छोटे अभ्यास आहेत. वजनाविषयीचा पुरावा मात्र दुबळा आहे. २०२४ मध्ये लेबनॉनमधील १२० तरुणांवरील एका अभ्यासाने वजनात मोठी घट झाल्याचे सांगितले व त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. आकडेवारीतील गंभीर त्रुटींमुळे संबंधित नियतकालिकाने सप्टेंबर २०२५ मध्ये तो मागे घेतला. दावा पसरण्यास काही दिवस पुरतात. तो तपासण्यास वर्षे लागतात. शिरका असो वा गुळवेल, 'नैसर्गिक' हा शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि एका लहान अभ्यासावर बाजारपेठ उभी राहू नये.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. गुळवेल निरुपयोगी आहे असे पुरावा म्हणत नाही. विशिष्ट विकारांत ती उपयुक्त ठरण्याची शक्यता मुंबईतील संशोधनाने दाखवली आहे आणि तिचा मोठ्या चाचण्यांद्वारे पाठपुरावा होणे योग्य ठरेल. निरोगी व्यक्तीने प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी ती दीर्घकाळ घ्यावी, या दाव्याला मात्र पुरेसा आधार नाही. यकृताचा विकार किंवा स्वयंप्रतिकारक आजार असलेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये, एवढी सावधगिरी उपलब्ध पुराव्यावरूनही आवश्यक ठरते.

या वादातील एक दुवा दुर्लक्षित राहिला आहे. खरी वेल कोणती, हा प्रश्न मंत्रालय व डॉक्टर या दोघांच्याही युक्तिवादाच्या मुळाशी आहे. आणि तो प्रश्न प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी जंगलात, तोडणीच्या वेळी सुटायला हवा. सह्याद्रीत गुळवेलीसोबत पानांना लव असलेली तिची दुसरी भगिनी जातही आढळते. खोड, पान व फळ पाहून वेल ओळखण्याचे कौशल्य शहापूर–मुरबाडमधील संकलकांकडे आहे. परंतु टनाने होणाऱ्या खरेदीत या कौशल्याला स्वतंत्र मोल मिळत नाही. वजनावर दर देणारी व्यवस्था ओळखीची काळजी घेण्यास प्रोत्साहन देत नाही. कोणत्या पाड्यावरून, कोणत्या झाडावरची, कोणत्या महिन्यात तोडलेली वेल बाटलीत गेली याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीसह माल देणाऱ्या संकलकाला अधिक दर देणे, ही सुधारणा रुग्ण व संकलक या दोघांच्याही हिताची आहे. तालुक्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग ग्रामसभांच्या सहकार्याने नमुन्यांची ओळख पटविण्याचे काम करू शकतात.

अतिशयोक्त दाव्यावर उभी राहिलेली मागणी साथीबरोबर चढते आणि ओसरते. कात व कोळसा यांच्या बाबतीत कातकरी समाजाने जंगलावर आधारलेली उपजीविका एकदा गमावली आहे. गुळवेलीच्या बाबतीत तीच वेळ येऊ द्यायची नसेल, तर तिच्याविषयी जेवढे सिद्ध आहे तेवढेच सांगणे हे संकलकाच्याही दीर्घकालीन हिताचे ठरेल.